डोंगरात वीकेंड घर घ्यायचे आहे: आधी फेरफार वाचा, मग जुलैत जागा पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडला राहणारे, दोघेही नोकरी करणारे जोडपे. मुळशीत धरणाच्या वरच्या अंगाला ११ गुंठे जमीन दाखवली आहे. एजंट सांगतो, चौघांत मिळून घ्या, सातबाऱ्यावर चौघांची नावे लागतील, एनए, म्हणजे बिनशेती परवानगी, सहा महिन्यांत होऊन जाईल. त्यावर लाकडी केबिन बांधायची, शनिवार-रविवार राहायचे आणि उरलेले दिवस भाड्याने द्यायची. जमीन आणि घर मिळून ६५ लाखांची तयारी आहे. घ्यावी का?

या स्वरूपात घेऊ नका. डोंगरात घर करण्याची इच्छा चुकीची नाही, ६५ लाखांत पुण्यापासून दीड-दोन तासांवर नीटनेटके छोटे घर होऊ शकते. पण एजंटच्या त्या एका वाक्यात तीन वेगळे धोके दडले आहेत. ते समजले की कोणती जागा घ्यायची हेही कळते.

आधी ११ गुंठे आणि चौघे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, ४० गुंठ्यांचा एकर. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा करता येत नाही ती मर्यादा, जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरले. ११ हा आकडा बागायतीच्या मर्यादेच्या जेमतेम वर राहतो, म्हणून जाहिरातींत सारखा दिसतो. पण धरणाच्या वरचा उतार बागायत असतो का? तिथे बहुधा भातखाचरे, नाचणीची किंवा वरकस जमीन असते. सातबाऱ्याच्या खालच्या भागात, म्हणजे गाव नमुना १२ मध्ये, पीक आणि सिंचनाचे साधन लिहिलेले असते, ते बघा. तुकडेबंदीत अलीकडे काही सवलती आल्या आहेत. आपला गट त्यांत बसतो की नाही हे तहसील कार्यालयाकडून लेखी घ्यायचे, एजंटच्या तोंडून नाही.

शिवाय चौघांची नावे सातबाऱ्यावर लागली तरी प्रत्येकाला मिळतो तो पावणेतीन गुंठ्यांचा अविभक्त हिस्सा. तुमची केबिन 'उजवीकडच्या कोपऱ्यात' हे फक्त चौघांच्या आपसांतल्या नकाशावर असते, सरकारी नकाशावर नसते. त्या हिश्शाची पोटहिस्सा मोजणी होत नाही, कारण तुकडा मर्यादेखाली जातो. चौघांपैकी एकाने कर्ज थकवले, घटस्फोटाचा दावा लागला किंवा वारसांत भांडण झाले तरी बोजा आणि स्थगिती संपूर्ण सातबाऱ्यावर चढते. आणि विकायची वेळ आली की शहाणा गिऱ्हाईक असा हिस्सा घेतच नाही.

दुसरा धोका तुम्ही शेतकरी आहात की नाही याचा. कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ च्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. तुमच्या दोघांपैकी कुणाचे नाव महाराष्ट्रातल्या एखाद्या सातबाऱ्यावर असेल, किंवा वडील-आजोबांच्या जमिनीत वारस म्हणून लागलेले असेल, तर प्रश्न सुटतो. नुसते 'गावाला आमची शेती आहे' पुरत नाही. आधी वारस नोंद करून घ्या, मग खरेदी. एजंट 'शेतकरी दाखला काढून देतो' म्हणाला तर तिथेच थांबा. असा व्यवहार कलम ८४क खाली अवैध ठरला तर जमीन शासनजमा होऊ शकते, आणि दिलेले पैसे परत मिळवायला तुमच्याकडे कुठलाच धड कागद नसतो.

तिसरा, 'एनए होईल'. मुळशी, मावळ, हवेली आणि आसपासच्या तालुक्यांचे मोठे क्षेत्र २०१५ पासून पीएमआरडीएच्या, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, नियोजनाखाली आहे. गट कोणत्या झोनमध्ये येतो यावर सगळे ठरते. शेती विभागात शेतघर बांधता येते, पण धारण क्षेत्र ०.४ हेक्टर, म्हणजे जवळपास एक एकर तरी लागते. ११ गुंठ्यांवर शेतघर नाही, मग पावणेतीन गुंठ्यांवर कुठून? जमीन महसूल संहितेच्या कलम ४२ड खाली गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला निवासी वापराची वाट सोपी झाली आहे. पण धरणाच्या वर, वस्तीपासून दूर असलेल्या गटाला तिचा उपयोग नाही.

त्यातही डोंगरमाथा आणि डोंगरउताराचा नियम सगळ्यांत कडक आहे. १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकाम होत नाही. १:५ म्हणजे ५ मीटर आडवे चालल्यावर १ मीटर चढ. हे तुम्ही स्वतः मोजू शकता. १० मीटरची पारदर्शक नळी घ्या, पाण्याने भरा, एक टोक वर धरा, दुसरे उताराच्या दिशेने आडव्या ५ मीटरवर न्या आणि दोन्हीकडच्या पाण्याच्या पातळीपासून जमिनीपर्यंतची उंची मोजा. फरक एक मीटरच्या आसपास आला की त्या जागेवर घराचे स्वप्न रंगवू नका. खरेदीच्या टप्प्यावर सर्व्हेअरकडून टोटल स्टेशन लावून एक मीटर अंतराच्या समोच्चरेषांचा नकाशा करून घ्यायचा. परवानगीलाही तो लागतोच. जेसीबी लावून उतार सपाट केलेला असेल तर तो 'डेव्हलप्ड प्लॉट' म्हणून महाग विकला जातो, पण तो मुळात कसा होता हे उपग्रहाच्या जुन्या छायाचित्रांत दिसते.

आता कागद. लोक सातबारा बघतात आणि समाधानी होतात. सातबारा म्हणजे आजची स्थिती, ती कशी आली हे फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, सांगतात. प्रत्येक नावाशेजारी कंसात किंवा वर्तुळात जो क्रमांक असतो, तो गाव नमुना ६ मधल्या फेरफाराचा. ते सगळे फेरफार काढायचे, एकही न सोडता. गावात एकत्रीकरण योजना झाली तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, त्या वेळचा ९(३), ९(४) चा उताराही मागा. सर्व्हे नंबर आणि गट नंबर यांची सांगड नीट बसली नसेल तर विकणाऱ्याची जमीन कागदावर एका ठिकाणी आणि प्रत्यक्षात दुसऱ्या ठिकाणी निघते. डोंगराळ गावांत हे अपवादाने होत नाही, वरचेवर होते.

फेरफार वाचताना डोळे कशावर ठेवायचे? भोगवटादार वर्ग २ दिसला तर ती जमीन शर्तीची आहे: वतनाची, शासनाने वाटप केलेली किंवा कुळकायद्याने मिळालेली. इतर हक्कात 'कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र' असा शेरा असेल तर ३२म चे, म्हणजे कुळाने जमीन विकत घेतल्याचे, प्रमाणपत्र मिळाल्याला दहा वर्षे झाली का ते बघा. झाली असतील तर आकारणीच्या ४० पट नजराणा भरून विक्रीचा मार्ग मोकळा होतो. ही रक्कम फार लहान असते, तरी ती न भरता खरेदीखते होतात आणि पुढे अडकतात. मावळ, मुळशी, जुन्नर, आंबेगाव भागांत महादेव कोळी, ठाकर, कातकरी अशा आदिवासी खातेदारांच्या जमिनी बऱ्याच आहेत. संहितेच्या कलम ३६अ नुसार अशी जमीन बिगरआदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय जात नाही. आज विकणारा आदिवासी नसेल, पण तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या फेरफारात त्याने किंवा त्याच्या बापाने ती आदिवासीकडूनच घेतलेली असू शकते. म्हणून मागे जायचे.

डोंगरातला सर्वांत दडलेला शेरा वनाचा. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम ३५(३) खाली ज्या खासगी जमिनींना कधीकाळी नोटिसा निघाल्या, त्या १९७५ च्या खासगी वन संपादन कायद्याने शासनाच्या झाल्या असे मानले जाते. कित्येक सातबाऱ्यांवर ही नोंद उशिरा चढली, काहींवर अजून चढायची आहे. त्यामुळे झाडी असलेल्या गटासाठी उपवनसंरक्षकांच्या कार्यालयाचे पत्र घ्या की हा गट वन किंवा खासगी वन नाही. धरणाजवळ असाल तर आणखी दोन गोष्टी आहेत. इतर हक्कात 'पुनर्वसनासाठी राखीव' असा शेरा आहे का, आणि गटाचा किती भाग संपादित झाला आहे. मुळशीचे धरण टाटा पॉवरचे, पवना, पानशेत आणि वरसगाव जलसंपदा विभागाकडे. पाण्याला लागून असलेली जी पट्टी 'तुमचीच समजा' म्हणून दाखवतात, ती बहुतेक वेळा संपादित असते. तिथे कुंपण घालण्याचासुद्धा अधिकार तुम्हाला नाही.

वारसांकडे येऊ. गावचे काका, बहिणी, मुंबईला गेलेला चुलत भाऊ, सगळ्यांच्या सह्या हव्यात. लेकींचा हक्क २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलांइतकाच आहे. 'बहिणींनी तोंडी सोडलंय' याला काही अर्थ नाही, नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहिजे. हिस्सेदारांत अज्ञान मूल असेल तर पालकाची सही पुरत नाही, न्यायालयाची परवानगी लागू शकते. हे वकिलाला आवर्जून विचारा. वकिलाकडून किमान ३० वर्षांच्या दस्तांचा शोध, म्हणजे सर्च, घ्या, तोही तालुक्याच्या दुय्यम निबंधकाकडे प्रत्यक्ष आणि ऑनलाइन असा दोन्हीकडे. मग दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस द्या. त्यांतले एक त्या तालुक्यात खरोखर वाचले जाणारे असावे. आपली चावडीवर, म्हणजे महसूल खात्याच्या ऑनलाइन सूचनाफलकावर, त्या गटाची कुठली नोंद प्रलंबित आहे का ते बघा, ई-कोर्टवर विकणाऱ्याच्या नावाने शोधा. एवढे होईपर्यंत विसार म्हणून मोठी रक्कम द्यायची नाही. नोटरी केलेले साठेखत आणि ताबा पावती यांनी मालकी मिळत नाही, मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच मिळते. नोंदणी फी एक टक्का, कमाल ३०,००० रुपये. मुद्रांक शुल्क ठिकाणानुसार बदलते, ते त्या दिवशीच्या सरकारी गणकावर तपासा.

मोजणी मात्र खरेदीच्या आधी करायची. भूमी अभिलेख कार्यालयाची सरकारी मोजणी, मोजणीदार जागेवर, शेजारचे खातेदार हजर आणि हातात 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा. शेजाऱ्यांना नोटीस जाते, तेव्हाच बांधाचे वाद बाहेर येतात. ते तुमच्या पैशांच्या आधी बाहेर आलेले बरे.

रस्त्याचे विचारायचे राहते आणि नंतर तोच गळ्याशी येतो. 'वहिवाटीचा रस्ता आहे' म्हणजे आज कुणी अडवत नाही, एवढेच. गाव नकाशावर दोन तुटक रेषांनी गाडीवाट आणि एका तुटक रेषेने पायवाट दाखवलेली असते. ती नसेल तर वाटेतल्या प्रत्येक गटाच्या मालकाकडून नोंदणीकृत रस्ता हक्काचा दस्त हवा, रुंदीसकट. संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतात, पण ती शेतीसाठी असते. तिच्यावरून सिमेंटचा मिक्सर जाईल असे गृहीत धरू नका.

या सगळ्याच्या तुलनेत मंजूर एनए बंगलो प्लॉटची योजना महाग वाटते. तुमच्यासारख्यांना मी तरीही तीच सुचवीन, अट एवढीच की ती खरी असावी. खरी म्हणजे मंजूर रेखांकन, बिनशेती आदेश किंवा सनद, प्रत्येक प्लॉटचा स्वतंत्र सातबारा आणि महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, क्रमांक. जमीन ५०० चौरस मीटरहून मोठी असेल आणि प्लॉट आठपेक्षा जास्त असतील तर महारेरा नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. महारेराच्या संकेतस्थळावर मंजूर नकाशा असतो. त्यातली खुली जागा आणि रस्ते जागेवर तसेच आहेत का, की खुल्या जागेवर 'प्रीमियम प्लॉट' उभा राहिला आहे, हे चालून बघा. 'एनए प्रोसेसमध्ये' आणि 'आर झोन टच' (निवासी विभागाला लागून) हे शब्द ऐकले की झोन दाखला मागा. बँका एनए प्लॉटवर कर्ज देतात, शेतजमिनीवर गृहकर्ज मिळत नाही. बँकेच्या वकिलाची तपासणी हा तुमच्या तपासणीवरचा एक जादा पहारा असतो, म्हणून पैसे असले तरी थोडे कर्ज घेण्याचा सल्ला वाईट नाही.

आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८. घरपट्टी भरली म्हणजे बांधकाम कायदेशीर झाले, असा समज फार पसरलेला आहे. कर आकारणी ही परवानगी नव्हे. पीएमआरडीएच्या क्षेत्रात परवानगी पीएमआरडीएचीच. कंटेनरची किंवा पोर्टा केबिन 'हलवता येते म्हणून परवानगी लागत नाही' हेही ऐकू नका. पाया, शौचालय, वीज जोडले की ते बांधकामच झाले. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्याची मात्र उगाच धास्ती घेऊ नये. ३१ जुलै २०२४ च्या मसुद्यात महाराष्ट्रातले १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, पण बंदी खाणी, लाल वर्गातले उद्योग आणि २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठे बांधकाम प्रकल्प यांच्यावर आहे, एका कुटुंबाच्या घरावर नाही. महाबळेश्वर-पाचगणीचे नियम वेगळे. ते क्षेत्र १७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने संवेदनशील घोषित झाले आहे आणि तिथे खरोखर जपून जावे लागते.

कागद बरोबर निघाले की जागा बघायची, आणि ती जुलैत. दिवाळीनंतर सगळे डोंगर सुंदर असतात. ताम्हिणीत २५ जुलै २०२४ ला चोवीस तासांत ५५६ मिमी पाऊस नोंदवला गेला. पुणे शहराला वर्षभरात साधारण सातशे मिमी मिळतो, त्याच्या तीन-चतुर्थांशाहून जास्त तिथे एका दिवसात पडला. अशा दिवशी त्या जागेवर पाणी कुठून येते, कुठे साचते, रस्ता कुठे तुटतो, हे पाहिल्याशिवाय घराचा नकाशा काढण्यात अर्थ नाही. पानशेत किंवा मुळशीच्या काठावरची 'लेक व्ह्यू' जागा मे महिन्यातही एकदा पाहून या. पाणी मागे हटते आणि समोर तडकलेल्या चिखलाचा पट्टा उरतो. तोही आवडला तर घ्या.

दरडीचे बोलले पाहिजे. ३० जुलै २०१४ ला माळीण गेले, २२ जुलै २०२१ ला तळिये, १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडी. तिन्ही जुलैच्या मुसळधार पावसात आणि तिन्ही वस्त्या उताराच्या पोटाशी. बेसाल्टच्या थरांमध्ये लाल मातीचे पट्टे असतात, वर मुरूम आणि माती. पाणी मुरून त्या थराशी पोहोचते आणि वरचे ओझे निसटते. जागेवर बघायच्या खुणा साध्या आहेत: तळाशी वाकून मग सरळ वर गेलेली झाडांची खोडे, कललेले विजेचे खांब, उताराला आडव्या गेलेल्या भेगा, पूर्वी नसलेला झरा, ओढ्याच्या तोंडाशी पंख्यासारखा पसरलेला दगडगोट्यांचा ढीग. त्या ढिगावर कधीही घर बांधू नका, तो ओढ्याने एकदा आणून टाकलेला माल आहे आणि ओढा पुन्हा येऊ शकतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवणतेचे नकाशे त्यांच्या भूकोश या संकेतस्थळावर पाहता येतात. ते १:५०,००० प्रमाणाचे असल्यामुळे एका गटाचा निकाल देत नाहीत, पण आपण कोणत्या पट्ट्यात आहोत ते सांगतात.

जेसीबीने तीन मीटरचा उभा काप काढून घर बसवतात, हे सर्वांत जास्त दिसणारे चुकीचे काम. कोरडा मुरूम डिसेंबरात भिंतीसारखा उभा राहतो. जुलैत तो पाणी पितो, वजन वाढते, कणांची पकड जाते आणि सगळे घराच्या मागच्या भिंतीवर येते. दुसरी चूक म्हणजे त्याच कापाची माती पुढे भरून त्या भरावावर घराचा पुढचा भाग टेकवणे. भराव खचतो, मागचा भाग खचत नाही आणि मधोमध तिरकी भेग जाते. घर पूर्ण कापलेल्या बाजूला किंवा खांबांवर घ्या, भराव अंगणाला ठेवा. दीड-दोन मीटरच्या टप्प्यांनी काप घ्या. आधाराची भिंत गॅबियनची, म्हणजे जाळीत दगड भरलेली, करा. तळाची रुंदी उंचीच्या निम्म्याहून थोडी जास्त, मागे ३०० मिमी सुट्या दगडांचा भरणा. काँक्रीटची भिंत असेल तर ७५ मिमीचे पाणी-नळ दीड मीटर अंतराने, डोंगराकडच्या तोंडाशी जाळी लावून. आणि या भिंतीच्याही वर, घरामागे, पाणी अडवून बाजूला काढणारा पक्का चर. भिंत कोसळते ती बहुतेक वेळा मातीपेक्षा मागे अडकलेल्या पाण्याने. दोन मीटरपेक्षा उंच भिंत स्ट्रक्चरल इंजिनिअरशिवाय नको.

आता लाकडी केबिन. ती थंड, कोरड्या हवेत शोभते. सह्याद्रीत चार महिने हवा ओलीचिंब असते, लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर गेला की बुरशी सुटते, आणि खालून वाळवी. तरी करायचीच असेल तर खालचे लाकूड जमिनीपासून किमान ४५० मिमी वर, काँक्रीटच्या पेडस्टलवर आणि मध्ये धातूची पट्टी देऊन ठेवा. लाकूड दाबाखाली रसायन मुरवलेले असावे, नुसता ब्रश फिरवलेले नको. कापलेली टोके जागेवर पुन्हा सील करा, कारण पाणी टोकांतूनच शिरते. दर दोन वर्षांनी बाहेरून कोटिंग लागतेच. त्यापेक्षा तीन-साडेतीन फुटांपर्यंत दगडी किंवा विटांची भिंत आणि वर लाकूड, ही रचना आपल्या हवेला जास्त मानवते. पायाच्या वेळी वाळवीप्रतिबंधक उपचार आयएस ६३१३ प्रमाणे करून घ्या. नंतर भोके पाडून करायचा उपचार महागही असतो आणि अर्धवटही.

छपराला ३० अंशांचा उतार द्या, सपाट स्लॅब नको. नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून झड येते, त्या बाजूला छप्पर चार फुटांपर्यंत पुढे काढा. गंमत अशी की पाण्याचे दृश्य पुष्कळदा पश्चिमेलाच असते आणि तिथेच जमिनीपासून छतापर्यंत काच लावली जाते. स्लायडिंग खिडकीचा खालचा रूळ पावसाने भरतो आणि पाणी आत उतरते. बाहेर उघडणारी, रबरी गॅस्केटची खिडकी घ्या आणि तिच्यापुढे पडवी करा. आपल्या जुन्या घरांना पडवी होती ती याच कारणासाठी. छपराचे दोन भाग जिथे खोलगट मिळतात तिथली पन्हळ ही गळतीची पहिली जागा. नकाशातच अशा खोबण्या कमी ठेवल्या तर निम्मी डोकेदुखी जाते. बिजागऱ्या, कड्या, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. माकडे असतील तर कौले टिकत नाहीत, खाली जाळी किंवा सरळ पत्रा.

बोअरवर विसंबू नका. बेसाल्टमध्ये पाणी भेगांत असते, शेजाऱ्याला लागले म्हणून तुम्हाला लागेलच असे नाही. हिशेब करा: १०० चौरस मीटर छप्पर, ३,००० मिमी पाऊस, ८० टक्के हाती आला तर २,४०,००० लिटर. चौघांचे कुटुंब महिन्यात आठ दिवस राहिले, माणशी १३५ लिटर धरले, तर महिन्याला ४,३२० लिटर लागतात. फेब्रुवारी ते मे भागवायला २० ते २५ हजार लिटरची जमिनीतली टाकी पुरते. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी टाकीत घ्यायचे नाही. सांडपाण्याचे उलटे असते. कातळात शोषखड्डा पाणी घेत नाही आणि पावसाळ्यात खालून भरून वर येतो. सेप्टिक टाकीनंतर बायोडायजेस्टर किंवा कर्दळीचा पाणथळ वाफा करा, आणि विहीर-बोअरपासून किमान १८ मीटर अंतर ठेवा, तेही उताराच्या खालच्या बाजूला.

विजेसाठी ट्रान्सफॉर्मर किती लांब आहे ते मोजा. खांबांचा खर्च लोक अंदाजपत्रकात धरत नाहीत. शेतीपंपाच्या जोडणीवर बंगला चालवला तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापराची आकारणी होते. वेगळा अर्थिंग खड्डा, गळती होताच वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि सर्ज प्रोटेक्टर या तिन्ही गोष्टी घाटात आवश्यक आहेत.

मालकीचे वर्ष जूनमध्ये सुरू होते असे धरा. ७ जूनच्या आत पन्हळी साफ, घरावर झुकलेल्या फांद्या उतरवलेल्या, पश्चिमेच्या पडवीला ताडपत्री किंवा बांबूच्या झडपा, घरामागचा चर मोकळा. गाद्या उभ्या करून ठेवा, कपाटांची दारे उघडी ठेवा आणि भिंतींना हवा घेणारा चुन्याचा रंग द्या. प्लास्टिक पेंट ओल आत कोंडतो. बंद घरात बुरशी पंधरवड्यात येते. त्यामुळे पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा घर उघडणारा माणूस हवा. गावातलाच माणूस ठेवा, महिन्याचा पगार बाराही महिने द्या आणि सण-आजारपण लक्षात ठेवा. तुमच्या घराची खरी विमा पॉलिसी तोच आहे, आणि बाकी पाच दिवस तुमच्या दाराशी तोच असतो. दसऱ्यानंतर आधाराच्या भिंती आणि पाया फिरून बघा. भेगेवर तारीख टाकून काचेची पट्टी चिकटवा, पुढच्या वर्षी ती फुटली असेल तर हालचाल सुरू आहे.

भाड्याच्या उत्पन्नावर कर्जाचा हप्ता बसवू नका. पर्यटन संचालनालयाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणी करा. कृषी पर्यटन धोरण २०२० शेतकऱ्यांसाठी आहे, बंगलो प्लॉटसाठी नाही. पाहुण्यांची ओळखपत्रे ठेवा, परदेशी पाहुणा असेल तर २४ तासांत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरा. गर्दी शनिवारचीच असते आणि शनिवार तुम्हालाही हवा असतो, हा हिशेब कागदावर एकदा मांडा.

६५ लाखांचे वाटप माझ्या मते असे असावे: प्लॉट आणि सगळा दस्तखर्च ३० पर्यंत, काप-भिंती-चर-टाकी-वीज यांना १०, ६०० ते ७०० चौरस फुटांच्या घराला १८ ते २०, आणि उरलेले पाच लाख पहिल्या पावसाळ्यानंतरच्या दुरुस्तीसाठी हातात. प्लॉटवर ४५ गेले तर भिंती आणि चर यांना कात्री लागते, आणि तीच कात्री जुलैत दिसते.

त्या ११ गुंठ्यांसाठी एजंटला एवढेच सांगा: सगळे फेरफार, झोन दाखला, वन विभागाचे पत्र आणि मोजणीची 'क' प्रत आणून द्या, तोवर विसार नाही. महिनाभरात कागद आले तर वकिलाकडे द्या. नाही आले, तर मावळ, भोर किंवा राजगड, म्हणजे पूर्वीच्या वेल्हे तालुक्यात महारेरा नोंदणीच्या दोन-तीन एनए योजना निवडून ठेवा आणि जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, सलग दोन दिवस पाऊस झाल्यावर, दिवसाउजेडी, गाव ओलांडून शेवटच्या वळणापर्यंत जाऊन त्या बघा.